मुका झालेला कर्णा

नागपूरहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वरोरा हे तालुक्याचे गाव लागते. बाबा आमटे यांनी वसविलेले आनंदवन या गावाच्या वेशीवरच आहे, म्हणून दूरदूरच्या लोकांना वरोऱ्याचे नाव माहीत असते. गावाच्या पश्चिमेला काही अंतरावर वर्धा नदी वाहते. तिच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा. उन्हाळ्यात ही नदी इतकी आटते की वाळूतून चालत पलीकडे जाता यावे. पण पावसाळ्यात वरच्या अंगाला मुसळधार पाऊस झाला आणि धरणांचे दरवाजे उघडावे लागले, म्हणजे तीच नदी काठ सोडून शेतांत शिरते आणि लहान गावांचे रस्ते पाण्याखाली जातात.

२०२२ सालच्या जुलै महिन्यात असाच मोठा पूर आला होता. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. वीज गेली होती, आणि वीज नसल्यामुळे पुष्कळांचे मोबाइल फोन बंद पडले होते. नदीकाठच्या वस्त्यांवर जाऊन, 'रात्रीतून पाणी वाढणार आहे, गुरे सोडा, उंचावर चला' असे ओरडून सांगणे आवश्यक होते. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका शेतकऱ्याची जुनी जीप होती. तिच्या टपावर दोन कर्णे बसविलेले होते. जत्रेच्या, बैलबाजाराच्या आणि कुस्त्यांच्या जाहिराती त्या कर्ण्यांवरून होत असत. जीप तयार होती, चालक तयार होता, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली सूचनाही तयार होती. संध्याकाळी पाच वाजता जीप सुरू झाली, ध्वनियंत्राचा निळा दिवा लागला, आकडे चमकू लागले. परंतु कर्ण्यांतून एक अक्षरही बाहेर पडेना.

"आज दुपारीच तं नवा बसवला," चालक हताश होऊन म्हणाला. "दुकानात चांगला वाजला. मंग आता वाजत काहून नाही?"

त्या प्रश्नाचे उत्तर कसे सापडले ते सांगण्यापूर्वी, मुलांनो, गाडीतील ध्वनियंत्राच्या पोटात काय असते याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

मोबाइलमधून किंवा ध्वनिग्राहकातून येणारा ध्वनीचा विद्युत्संदेश अतिशय दुबळा असतो. त्याच्या अंगी कर्ण्याचा पडदा हलविण्याचे बळ नसते. तो संदेश जसाच्या तसा ठेवून त्याचे बळ तेवढे वाढवावयाचे, हे काम ध्वनिवर्धक करतो. पूर्वी हे काम काचेच्या निर्वात नळ्या करीत असत. अमेरिकेतील शिकागो शहरी गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारगाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' असे नाव दिले. त्या नळ्यांना शे-दोनशे व्होल्ट विद्युद्दाब लागे आणि गाडीच्या बॅटरीत तर त्या काळी सहाच व्होल्ट असत. म्हणून तो दाब वाढविण्यासाठी एक निराळे गुणगुणणारे यंत्र गाडीत बसवावे लागे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५८ साली जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर संपूर्ण विद्युन्मंडल उभे करून दाखविले. त्यालाच आपण आज 'चिप' म्हणतो. वाळूत जे सिलिकॉन असते, त्याच्याच शुद्ध स्फटिकाचा हा नखाएवढा तुकडा. त्यावर एक काळे कवच असते, कवचाला एका बाजूने धातूची पाठ असते आणि दुसऱ्या बाजूने ओळीने पाय फुटलेले असतात.

त्यांतील अगदी साध्या जातीची, मोटारींसाठीच घडविलेली एक चिप पुष्कळ वर्षे सर्वत्र वापरली गेली. तिचे नाव टीडीए २००३. तिला पाचच पाय. दोन पायांतून संदेश आत जातो, एक पाय जमिनीशी म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाशी जोडतात, एकातून वाढलेला ध्वनी बाहेर येतो आणि पाचव्याला बॅटरीचा दाब मिळतो. ध्वनी किती पट वाढवावयाचा हे चिपच्या बाहेर जोडलेले दोन रोधक ठरवितात. एक २२० ओहमचा आणि दुसरा २.२ ओहमचा लावला, तर पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारे १०० हेच जवळजवळ तिचे वाढविण्याचे प्रमाण होय. रोधक बदलले की प्रमाण बदलते. मात्र ते प्रमाण फार वाढविले म्हणजे आवाज मोठा होतोच असे नाही. आतील खरखरही त्याच पटीने मोठी होते. पुढच्या पिढीतील चार वाटांच्या चिपांत हे प्रमाण कारखान्यातच ठरलेले असते. बहुतेकांत ते २० पट असते आणि आपल्याला त्याला हात लावता येत नाही.

आता बळाचा हिशेब पाहू. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. ध्वनीची लाट वरही जाते आणि खालीही जाते. म्हणून चिपचा बाहेर जाणारा पाय मुद्दाम अर्ध्या उंचीवर, म्हणजे ७.२ व्होल्टवर उभा केलेला असतो. तेथून त्याला फार तर ७.२ व्होल्ट वर आणि तेवढेच खाली जाता येते. कर्ण्याचा रोध ४ ओहम असेल, तर गणिताप्रमाणे त्यातून साडेसहा वॉटपेक्षा अधिक शक्ती मिळणे शक्य नाही. बाहेरच्या खोक्यावर 'दोनशे वॉट' असे सोनेरी अक्षरांत छापलेले असले, तरी एवढ्या साध्या चिपला हा हिशेब चुकत नाही. (अशा सोनेरी अक्षरांवर माझा फारसा विश्वास नाही.)

मग अधिक शक्ती हवी असल्यास काय करावयाचे? येथे अभियंत्यांनी एक सुंदर युक्ती योजिली आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत सागवानाचे ओंडके चिरताना तुम्ही दोन माणसांना मोठी करवत चालविताना पाहिले असेल. एक जण ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. दुसरा ओढतो तेव्हा पहिला सोडतो. एकट्याने करवत चालविली तर पाते जेवढे धावते, त्याच्यापेक्षा दोघांच्या ओढीने ते पुष्कळ अधिक धावते. चिपमध्ये एका कर्ण्यासाठी असेच दोन ध्वनिवर्धक समोरासमोर उभे करतात. एकाचा पाय वर जातो त्याच क्षणी दुसऱ्याचा खाली येतो. कर्णा या दोघांच्या मध्ये, करवतीच्या पात्यासारखा. त्यामुळे त्याच्यावरील दाब दुप्पट होतो. आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती दुप्पट न होता चौपट होते. साडेसहा वॉटचे सव्वीस वॉट होतात. या रचनेला सेतुरचना म्हणतात. आज गाड्यांत बसणाऱ्या बहुतेक ध्वनियंत्रांत अशाच चिपा असतात.

परंतु या युक्तीबरोबर एक अट येते, आणि आमच्या जीपच्या मुकेपणाचे मूळ त्या अटीतच होते. जुन्या साध्या चिपमध्ये कर्ण्याची एक तार चिपला आणि दुसरी तार कोठेही गाडीच्या लोखंडाला जोडली तरी चाले. कारण दुसरे टोक नाही तरी जमिनीलाच जावयाचे असे. सेतुरचनेत मात्र कर्ण्याची कोणतीही तार लोखंडाला लागता कामा नये. दोन्ही तारांना चिपचा एकेक जिवंत पाय धरून असतो आणि तो पाय अर्ध्या उंचीवर उभा असतो. त्याला लोखंडाला टेकविणे म्हणजे करवत ओढणाऱ्या दोघांपैकी एकाचे हात झाडाला बांधून टाकणे होय.

आता पुन्हा त्या संध्याकाळकडे वळू.

आमच्या आळीच्या टोकाला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. शाळेत असताना तिचे निबंध बेतास बात असत. पण वर्गातील बंद पडलेले घड्याळ तीच सुरू करी. निरोप जाताच ती छत्री घेऊन आली. तिच्या पिशवीत एक मीटर, एक पेचकस, पक्कड आणि चिकटपट्टीचे वेटोळे एवढेच साहित्य होते. चालकाची घाई चालली होती. "ताई, लवकर करा, अंधार पडून राह्यला," असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. मीही म्हणालो, "पोरी, नवीन यंत्र आणून बसविले तर?"

"सर, नवीनच तर आहे," ती म्हणाली. "आणि दुकानात ते वाजले होते. म्हणजे यंत्राला दोष देण्याआधी, दुकानात जे नव्हते आणि जीपमध्ये आहे ते पाहावे लागेल."

तिने मीटर सुरू केला. प्रथम तिने वीज पाहिली. ध्वनियंत्राच्या मागून रंगीत तारांचा जुडगा निघतो. त्यांतील रंगांचा संकेत बहुतेक ठिकाणी एकच असतो. पिवळी तार बॅटरीतून अखंड वीज आणते, लाल तार किल्ली फिरविली म्हणजे जिवंत होते आणि काळी तार जमिनीची असते. कर्ण्यांच्या तारा पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या अशा जोड्यांनी असतात. प्रत्येक जोडीतील एका तारेवर काळी रेघ असते. पिवळ्या तारेवर मीटरने १२.४ व्होल्ट दाखविले. किल्ली फिरविल्यावर लाल तारेवरही तेवढेच आले. फ्यूज शाबूत होता. फ्यूजबद्दल तिने चालकाला एक प्रश्न विचारला, "यात कोणी जाड तार तर घातली नाही ना?" तो नाही म्हणाला. फ्यूज ही मुद्दाम दुबळी ठेवलेली कडी असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती स्वतः वितळून बाकीच्या तारांना वाचविते. तिच्या जागी जाड तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूज जळत नाही, गाडी जळते.

वीज ठीक होती. मग तिने यंत्राचे झाकण काढले आणि चिपच्या पायांकडे वळली. चिपला वीज मिळाली म्हणजे ती जागी होते असे नाही. तिला जागे करणारा एक निराळा पाय असतो आणि तोंड उघडण्याची परवानगी देणारा आणखी एक असतो. या पायांवर दीड व्होल्टपेक्षा कमी दाब असेल तर चिप झोपलेली किंवा मौन धरलेली राहते. साडेतीन व्होल्टच्या वर गेला म्हणजे ती कामाला लागते. ही दोन दारे कशासाठी? किल्ली फिरविताक्षणी चिपचे पाय शून्यावरून एकदम अर्ध्या उंचीवर झेपावतात. तेवढ्यात कर्णा जोडलेला आणि तोंड उघडे असेल तर 'धप्प' असा आवाज होऊन पडद्याला धक्का बसतो. म्हणून मौनाच्या पायाशी एक रोधक आणि एक संधारक जोडून त्याला थोडा उशीर लावतात. संधारक म्हणजे विजेची लहानशी घागर आणि रोधक म्हणजे तिच्यात पाणी सोडणारी बारीक तोटी. ४७ हजार ओहमचा रोधक आणि १ मायक्रोफॅरडचा संधारक घेतला, तर त्यांचा गुणाकार ०.०४७ सेकंद येतो. मोठी घागर लावली की उशीर वाढतो. ज्या गाडीत किल्ली फिरविताच धप्प असा आवाज होतो, तेथे हा संधारक आधी तपासावा.

आमच्या यंत्रात दोन्ही पायांवर पाच व्होल्टच्या आसपास दाब होता. म्हणजे चिप जागी होती आणि तिला बोलण्याची परवानगीही होती.

यानंतर तिने मीटरचे एक टोक लोखंडाला आणि दुसरे चिपच्या बाहेर जाणाऱ्या पायांना लावले. येथे अर्धा दाब, म्हणजे ६.२ व्होल्ट दिसावयास हवा होता. मीटरवर जवळजवळ शून्य आले. चारही पायांवर शून्य.

"चिप गेली!" चालक म्हणाला.

ती काही बोलली नाही. तिने किल्ली बंद केली, कर्ण्यांकडे जाणारा जोड उपसून बाजूला केला आणि किल्ली पुन्हा फिरविली. मग तेच पाय पुन्हा मोजले. या वेळी मीटरवर ६.२ आले. दुसऱ्या पायावर ६.२, तिसऱ्यावर आणि चौथ्यावरही तेवढेच.

चिप जिवंत होती. कर्णे सोडताच तिने आपले पाय सावरले होते. आजच्या चिपांत स्वसंरक्षणाची सोय केलेली असते. बाहेर जाणारा पाय लोखंडाला टेकला, दोन पाय एकमेकांना भिडले किंवा अंग फार तापले, तर ती आपण होऊन काम थांबविते. त्यामुळे ती जळत नाही. पण वरवर पाहणाऱ्याला मेलेली चिप आणि रुसलेली चिप सारखीच दिसते. किती चांगल्या चिपा या गैरसमजामुळे उपटून फेकल्या गेल्या असतील कोणास ठाऊक!

आता दोष यंत्राच्या बाहेर होता हे ठरले. तिने मीटरचा काटा रोध मोजण्याकडे फिरविला. कर्ण्याच्या दोन तारांमध्ये साडेसहा ओहम आले. कर्ण्यावर तर ८ ओहम लिहिलेले होते! मी ते बोलून दाखविले. तेव्हा तिने सांगितले की मीटर फक्त तांब्याच्या वेटोळ्याचा स्थिर रोध मोजतो. ध्वनीच्या बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध त्याहून थोडा अधिक असतो, म्हणून ८ ओहमच्या कर्ण्याला मीटर सहा-साडेसहाच दाखविणार. कर्णा चांगला होता. मग तिने एक टोक कर्ण्याच्या काळ्या रेघेच्या तारेला आणि दुसरे जीपच्या लोखंडाला लावले. मीटरवर शून्य आले. दुसऱ्या कर्ण्याचीही एक तार तशीच लोखंडाला मिळालेली निघाली.

चालक टपावर चढला. कर्ण्याच्या बैठकीखाली, गंजलेल्या एका पेचाखाली, प्रत्येक कर्ण्याची एक तार आवळून बसविलेली होती. ती काही आजची नव्हती. जीपमध्ये पूर्वी जुन्या पद्धतीचे यंत्र होते आणि त्याला ती जोडणी योग्यच होती. सकाळी पावसाचे पाणी शिरून ते यंत्र बंद पडले. दुपारी नवे बसविणाऱ्याने आपल्या दुकानातील स्पीकरवर ते वाजवून पाहिले, मग जीपमधील जुन्या तारांना जोडून दिले; पण टपावर चढून पेच पाहिला नाही. पाऊस चालू असताना टपावर चढण्याचा कंटाळा कोणालाही येईल. तथापि सारा घोटाळा त्या दोन पेचांखाली होता.

पेच सोडविण्यापूर्वी तिने चालकाला बॅटरीची तार काढावयास सांगितली, आणि तीही ऋण टोकाची. असे का, हे मी विचारले. गाडीचे सर्व लोखंड ऋण टोकाला जोडलेले असते. धन टोक आधी सोडावयास गेलो आणि पाना चुकून लोखंडाला लागला, तर बॅटरीचा सारा प्रवाह त्या पान्यातून धावतो. ठिणग्या उडतात, पाना लाल होतो, बोटात अंगठी असेल तर तीही तापते. ऋण टोक सोडताना पाना लोखंडाला लागला तर काहीच होत नाही, कारण दोन्ही एकच आहेत. ऋण टोक एकदा सुटले म्हणजे मग कोठेही हात घालावा. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही हे खरे. पण आग लावण्यास ते बारा व्होल्ट पुष्कळ होतात.

दोन्ही तारा पेचांखालून काढल्या. त्यांची उघडी टोके कापून, नवी करून, यंत्रापासून थेट आलेल्या तारांना पीळ देऊन जोडली आणि वर चिकटपट्टीचे तीन-तीन वेढे दिले. ती म्हणाली, "हे आजच्या रात्रीपुरते. पाऊस उघडला की डाख लावून देईन." तारा लोखंडाला कोठे लागत नाहीत ना, हे तिने पुन्हा एकदा मीटरने पाहिले. मीटरने काहीच वाट नसल्याची खूण दाखविली. मग बॅटरी जोडली.

किल्ली फिरविताच कर्ण्यांतून आवाज आला. पण त्याच्याबरोबर एक बारीक शिटीही ऐकू येऊ लागली. चालकाने एंजिनाचा वेग वाढविला की शिटीचा सूर चढे, कमी केला की उतरे. वेगाबरोबर चढणारा सूर एंजिनाने फिरणाऱ्या वीजनिर्मात्याकडून येत असतो. मोबाइल जीपमधील चार्जरला लावलेला होता. चार्जरची जमीन एकीकडे आणि यंत्राची जमीन दुसरीकडे, अशा दोन वाटा झाल्या होत्या आणि त्यांच्यामधून वीजनिर्मात्याचा खळखळाट ध्वनीच्या तारेत शिरत होता. यावर खरा उपाय म्हणजे सर्व जमिनी एकाच बिंदूला जोडणे हा होय. तिने तूर्त मोबाइल चार्जरवरून काढला. शिटी थांबली.

"भाऊ, आवाज पाऊणपर्यंतच ठेवा," तिने चालकाला बजावले. "पूर्ण केला तर शब्द फाटतील, लोकांना कळणार नाहीत. आणि या कर्ण्याला तिसरा कर्णा जोडू नका." यामागेही कारण होते. दोन कर्णे शेजारी शेजारी एकाच वाटेला जोडले तर त्यांचा एकत्रित रोध निम्मा होतो, प्रवाह दुप्पट होतो आणि चिप तापते. अशा चिपा जवळजवळ अर्धी वीज उष्णतेतच घालवितात. ती उष्णता धातूच्या पाठीवरून ॲल्युमिनियमच्या पंख्यांत आणि तेथून हवेत जाते. चिप आणि पंखे यांच्यामध्ये पांढरे मलम भरलेले असते. ते वाळून भुगा झाले तर उष्णता अडते आणि दहा-पंधरा मिनिटे वाजून यंत्र गप्प होते. थंड झाले की पुन्हा बोलू लागते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांत हा विकार हटकून आढळतो. त्या संध्याकाळी, पावसात, त्याची भीती नव्हती.

पावणेसहाला जीप निघाली. पहिल्या वळणावर तिने सूचना लावली. 'नदीकाठच्या सर्व बंधुभगिनींनो' हे शब्द स्पष्ट ऐकू आले, मग पावसाच्या आवाजात पुढचे शब्द मिसळून गेले. रात्री दोन वाजता जीप परत आली तेव्हा चालकाचा स्वतःचा आवाज बसला होता, कारण दोन वस्त्यांपर्यंत रस्ताच उरला नव्हता आणि तेथे त्याला पाण्याच्या अलीकडे उभे राहून, कर्णे पलीकडे वळवून, तीच सूचना पंधरा-वीस वेळा वाजवावी लागली होती आणि मध्ये मध्ये माणसांची नावे घेऊन हाकाही माराव्या लागल्या होत्या. पलीकडून कंदील हालले, तेव्हा तो निघाला.

चार दिवसांनी ऊन पडले. ती डाख लावण्याची कांडी घेऊन आली, चिकटपट्टी सोडली आणि टपावर बसून ते चारही जोड पक्के केले. गंजलेले दोन पेच मात्र तिने जागच्या जागी राहू दिले नाहीत. काढून माझ्या हातात दिले.